पगार ते पॅकेज : वाणिज्य पदवीधराच्या मिळकतीचा ताळेबंद

गेल्या जूनमधल्या एका रविवारी धाकट्या बहिणीचे यजमान घरी आले ते हातात गुळगुळीत कागदाची एक माहितीपुस्तिका घेऊनच. भाची बी.कॉम. चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि पुण्याजवळच्या एका खासगी संस्थेत एमबीए करायचे तिच्या मनात होते. राहण्याजेवणासकट दोन वर्षांचा खर्च १२ लाख. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते : सरासरी पॅकेज ९ लाख.

मेहुण्यांचे इचलकरंजीत आठ यंत्रमाग आहेत. सूत आणि वीज यांच्या भावात होरपळलेला माणूस, पण मुलीच्या शिक्षणात हात आखडता घेणार नाही. ते म्हणाले, ''दादा, तुम्ही आकड्यांतले. नऊ लाख म्हणजे महिन्याला पंचाहत्तर हजार. दोन-तीन वर्षांत कर्ज फिटतंय की! बँकवाला साडेसात लाखांच्या वर तारण मागतोय. घराचे कागद देऊन टाकू का?''

मी आकड्यांतला आहे तो पोटासाठी. १९९१ साली बी.कॉम. झालो, दोनदा बँकेची परीक्षा दिली, दोनदा नापास झालो आणि एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर महिना साडेसहाशे रुपयांवर दिवाणजींच्या हाताखाली बसलो. तेव्हापासून दुसऱ्यांचे हिशेब लिहिणे हाच माझा धंदा. संशोधन म्हणाल तर कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का माझ्यावर नाही. जुने अहवाल, राजपत्रे, लोकांनी टाकून दिलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करून वाचायची सवय लागली, तिलाच मी संशोधन म्हणतो. मेहुण्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. ''आठ दिवस द्या,'' म्हणालो. त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या काही आठवड्यांत जे जुळवले, तो हा लेख.

पगार आणि पॅकेज

पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पैसे चुकते करणे, असा त्याचा मूळ अर्थ. त्याआधी आपल्या दप्तरांत वेतन, मुशाहिरा, तनखा असे शब्द होते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : धन्याच्या हातातून निघून चाकराच्या हातात पडते ती रक्कम. पॅकेजचा अर्थ तसा नाही. ज्याला सीटीसी म्हणतात ती रक्कम म्हणजे माणसापायी कंपनीला वर्षाकाठी येणारा खर्च. जमाखर्चाच्या भाषेत, पगार ही नोकरदाराच्या वहीतली जमा आणि पॅकेज ही कंपनीच्या वहीतली नावे बाजू. दुसऱ्याच्या वहीतला आकडा आपण आपली मिळकत म्हणून वाचतो, तिथे पहिली चूक होते.

एक नमुना मांडून पाहू. पॅकेज ६ लाखांचे आहे आणि मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३ लाख आहे, असे धरू. पॅकेजमधले ६० हजार 'कामगिरीनुसार' मिळायचे आहेत. ते वर्षअखेरीला मिळतील, कमी मिळतील किंवा मिळणारही नाहीत. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी मूळ वेतनाच्या १२ टक्के दराने ३६ हजार होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के दराने १४,४३० रुपये. हा ४.८१ चा विचित्र आकडा कुठून येतो, ते अनेक नोकरदारांनाही ठाऊक नसते. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी असते आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. पंधराला सव्वीसने आणि मग बाराने भागले की ०.०४८१ येते. पण ही रक्कम साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच हाती पडते आणि पहिल्या नोकरीत पाच वर्षे टिकणारी मुले आता थोडी. सामूहिक विम्याचा हप्ता ५,५७० रुपये धरला, की या सगळ्यांची बेरीज १ लाख १६ हजार होते.

उरले ४ लाख ८४ हजार, म्हणजे महिन्याला ४०,३३३. यातून नोकरदाराच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ३,००० आणि व्यवसाय कर २०० वजा जातात. हातात पडतात ३७,१३३. वडिलांनी सहा लाखांना बाराने भागून ५० हजार धरलेले असतात. भविष्यनिर्वाह निधी बुडत नाही, तो मुलाचाच असतो, हे खरे. पण खोलीचे भाडे त्यातून देता येत नाही.

आता कर्ज. १२ लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १६,२०० रुपये बसतो. शिकत असताना चढणारे व्याज यात धरलेलेच नाही. म्हणजे या नमुन्यातल्या मुलाजवळ घरभाडे, जेवण आणि जाण्यायेण्यासाठी एकवीस हजारांच्या आतबाहेर उरतात. यावर पुण्यात राहता येते, पण घरी पैसे पाठवता येत नाहीत. आणि मेहुण्यांच्या हिशेबात घरी पैसे येणे धरलेले होते.

नऊ जणांची सरासरी

पण पुस्तिकेत ६ नव्हे, ९ लाख लिहिले होते. तेही खोटे असेलच असे नाही. दहा मुलांना पुढीलप्रमाणे पॅकेज मिळाले, असे धरा : ४, ४, साडेचार, साडेचार, ५, ५, साडेपाच, ६, साडेसात आणि शेवटच्या एकाला ४४ लाख. बेरीज ९०, सरासरी ९. आकडा बिनचूक आहे. पण दहापैकी नऊ मुलांना सरासरीपेक्षा कमी मिळाले आहे. शाळेच्या गणितात आपण मध्यक शिकलो होतो : आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला घ्यायचा. इथे मध्यक ५ लाख येतो. आपल्या मुलीचे पॅकेज काय असेल याचा अंदाज बांधायचा तर हा ५ उपयोगाचा, तो ९ नाही. ४४ लाखांचा मुलगा तर बहुधा आधी चार-पाच वर्षे अभियंता म्हणून नोकरी करून आलेला असतो आणि त्याच्या अनुभवाची किंमत संस्थेच्या खात्यावर जमा होते.

सरासरी काढताना भागाकार कितीने केला, हेही विचारायला हवे. वर्गात १६ मुले असली आणि नोकरी १० जणांनाच लागली, तर भागाकार १०ने होतो. उरलेली सहा पुस्तिकेत दिसत नाहीत.

हा घोळ संस्थांनाही ठाऊक आहे. म्हणूनच अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन नोकऱ्यांचे आकडे कसे जाहीर करावेत याची एक प्रमाण पद्धत सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आखली. तिच्यात निश्चित रोख पगार, एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम वेगवेगळी दाखवतात आणि सरासरीच्या शेजारी मध्यकही देतात. ती पद्धत सगळ्यांवर बंधनकारक नाही, त्यामुळे पाळणारे थोडे. सामान्य पालकाच्या हातात दुसरे एक साधन आहे. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्यासाठी अर्ज करणाऱ्या संस्थेला मंजूर जागा, प्रवेश घेतलेले विद्यार्थी, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले आणि त्यांच्या पगाराचा मध्यक हे सारे कळवावे लागते आणि ती माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पुस्तिकेतला आकडा आणि हा तक्ता शेजारी ठेवून वाचले, तर निम्मे काम होते.

भाचीच्या संस्थेचा असा तक्ता मला सापडला नाही. मी फोन केला आणि पगाराचा मध्यक किती, असे विचारले. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, ''सर, मध्यक म्हणजे?''

बी.कॉम.ची किंमत कशाने ठरत होती?

हे सांगताना मला माझ्या पिढीची आठवण होणे साहजिक होते. कोणी विचारील, पूर्वी साध्या बी.कॉम.वर माणसे सुखाने निवृत्त झाली, मग आताच असे काय झाले?

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे १९४१ मध्ये माटुंग्याचे पोदार आणि १९४३ मध्ये पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले. साठ-सत्तरच्या दशकांत ही शाखा तालुक्यापर्यंत पोचली. त्याच सुमाराला, १९ जुलै १९६९ रोजी, १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे. १९६९ मध्ये देशात बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. १९९० च्या सुमाराला त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. प्रत्येक नव्या शाखेला खतावणी लिहिणारी, व्याज काढणारी, दिवसाचा मेळ घालणारी माणसे हवी होती.

पण नोकऱ्यांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पगार ठरवण्याच्या रीतीत होती. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून बँक कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी संघटना आणि बँका यांच्यात देशपातळीवर ठरू लागली. इचलकरंजीतल्या कारकुनाची मूळ वेतनश्रेणी मुंबईतल्या कारकुनासारखीच. पदवीधराला जादा वेतनवाढी मिळत. शिवाय महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला. मुलाने मुलाखतीत काय बोलावे, कोणता गणवेश घालावा, त्याचे कॉलेज कोणते, यातल्या कशानेही त्याचा पगार बदलत नसे. आपण ज्याला बी.कॉम.ची किंमत समजत होतो, ती वास्तविक या कराराची किंमत होती. माझ्या वर्गातले जे परीक्षा पास झाले आणि मी, यांच्यात ज्ञानाचे अंतर फार नव्हते. पगाराचे अंतर मात्र तिप्पट होते आणि ते वर्षागणिक वाढत गेले.

मग दोन गोष्टी घडल्या. १९८३-८४ पासून बँकांच्या संगणकीकरणाची चर्चा आणि करार सुरू झाले, नव्वदनंतर त्याने वेग घेतला आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे एक लाख लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आज आयबीपीएसची लिपिक परीक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर देतो आणि तिथे भाचीच्या शेजारी अभियंते बसलेले असतात.

दुसरी गोष्ट मी पेढीवर बसून पाहिली. आमच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा गाभा होता रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी वह्यांचा मेळ घालताना दिवाणजी रात्री जागवत. दोन रुपयांची तफावत शोधायला आम्ही दोन दिवस घालवले आहेत. नव्वदच्या दशकात टॅली आले. एक नोंद केली की खतावणी, तेरीज, ताळेबंद एका क्षणात तयार. पदवी जे कौशल्य शिकवत होती, तेच यंत्राने फुकट केले. आमच्याकडे आजही पाडव्याला वहीपूजन होते, पण पूजेत लॅपटॉप असतो आणि शेजारी एक कोरी वही नावापुरती.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वाटले, आता हिशेबनिसाला पुन्हा भाव येणार. काम भरपूर वाढले हे खरे. दर महिन्याची विवरणपत्रे, अकरा तारीख, वीस तारीख, खरेदीच्या बिलांचा ताळा. पण हे काम बहुतेक ठिकाणी 'फाईलमागे इतके' अशा ठोक दराने होते आणि ते करायला तयार असलेली मुले पुष्कळ. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पदवी शिक्षण घेणाऱ्या दर शंभरांत तेराजण वाणिज्य शाखेत आहेत. पुरवठा असा असला की दर चढत नाही. हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच असते.

सही आणि दार

मग आज वाणिज्य पदवीधराला बरे पैसे कुठे मिळतात? माझ्या गोळा केलेल्या चिठ्ठ्यांवरून मला दोनच वाटा स्पष्ट दिसतात. त्यांना मी माझ्यापुरती सही आणि दार अशी नावे दिली आहेत.

सहीची वाट कायद्याने आखलेली आहे. कंपनीच्या हिशेबाच्या लेखापरीक्षणावर सनदी लेखापालाचीच सही लागते. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, परिव्यय लेखापालांचा १९५९ चा, कंपनी सचिवांचा १९८० चा. ठरावीक कागदावर ठरावीक माणसाचीच सही चालेल, असे कायदा म्हणतो, तेव्हा त्या सहीला बाजारात दर येतो. यंत्राने हिशेब केला तरी सही माणसाचीच लागते. या वाटेला शुल्क एमबीएच्या मानाने फारच थोडे. पण वेळ आणि धीर यांची किंमत जबर आहे. २०२३ च्या नव्या रचनेत सीएची उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. तरी अंतिम परीक्षेला बसणाऱ्यांतले बहुसंख्य दर खेपेला नापास होतात. काहींची ऐन पंचविशी त्यातच सरते. अर्ध्यात सोडलेल्याला सही मिळत नाही. कामाचा अनुभव मात्र मिळतो आणि पुण्या-मुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या बॅक ऑफिसांत त्याला काही किंमत आहे.

एमबीएने कोणतीही सही मिळत नाही. एमबीएशिवाय करता येणार नाही, असे एकही काम कायद्याने राखून ठेवलेले नाही. एमबीए देते ते दार. अमुक कंपन्या अमुक संस्थेच्या आवारात येतात आणि तिथल्याच मुलांना आत घेतात. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम १९६१ मध्ये निघाल्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये. तिथे ती दारे साठ वर्षांत तयार झाली आहेत. तेच अभ्यासक्रम, तीच पुस्तके इतरत्रही शिकवतात, पण पुस्तकांबरोबर दार येत नाही. त्यामुळे शुल्क भरताना आपण शिकवणीचे पैसे भरतो आहोत असे समजू नये. दाराचे पैसे भरतो आहोत, तर ते उघडते का आणि उघडल्यावर आत काय आहे, हे पाहण्याचा आपला हक्क आहे.

ओळखीपाळखीतून मला त्या संस्थेत शिकलेली तीन मुले भेटली. एकाने पगाराची चिठ्ठी दाखवली, दोघांनी तोंडी सांगितले. तिघेही नोकरीला होते आणि तिघेही कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड विकत होते. पॅकेजचा मोठा भाग विक्रीच्या उद्दिष्टावर टांगलेला. त्यांतला एकजण म्हणाला, ''काका, हे काम बी.कॉम.वरच मिळालं असतं. फक्त दोन वर्षं आधी.''

भाचीचा प्रश्न

आठ दिवसांचे मी पंधरा घेतले. मग मेहुणे, बहीण आणि भाची यांना समोर बसवून कागदावर सगळे मांडले. मेहुणे गप्प झाले. बहिणीने सुटकेचा श्वास सोडल्यासारखे मला वाटले. ''इथेच एखाद्या सीएकडे उमेदवारी कर,'' मी भाचीला म्हणालो. ''खर्च नाही, घरचं जेवण.''

ती कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, ''मामा, तुम्ही पगाराचा हिशेब केलात, तो मला पटला. पण मला इथून बाहेर पडायचंय, ते कुठल्या रकान्यात लिहिलंत?''

माझ्याजवळ तसा रकाना नव्हता. तीस वर्षे मी इचलकरंजीत दुसऱ्यांचे ताळेबंद केले आणि बाहेर न पडल्याची किंमत माझ्या स्वतःच्याच वहीत कधी लिहिली नाही. पदवी घेणाऱ्या मुलीला तिच्यातून पगाराइतकेच आणखी काही हवे असते : दुसरे शहर, स्वतःची खोली, लग्नाचा विषय दोन वर्षे पुढे जाणे. पालक कर्ज काढतात तेही काही अंशी यासाठीच, पण बोलताना पॅकेजबद्दल बोलतात. पुस्तिका छापणाऱ्यांना मात्र हे नेमके माहीत असते.

म्हणून आम्ही हिशेब पुन्हा मांडला. बाहेर पडायचे हे पक्के धरून त्यासाठी कमीत कमी किती मोजावे लागेल, ते पाहिले. राज्याची सीईटी तिने दिलेलीच होती, गुण बरे होते. पुण्यातल्या चार जुन्या संस्थांची आणि विद्यापीठ विभागाची माहिती काढली, एनआयआरएफचे तक्ते वाचले, मध्यक शेजारी शेजारी लिहिले, मंजूर जागा आणि नोकरी लागलेले यांचे प्रमाण काढले. हे काम भाचीने केले, मी फक्त तपासले. दोन ठिकाणी मध्यक पुस्तिकेतल्या ९ लाखांपेक्षा कमी होता, पण शुल्क निम्म्याहूनही कमी होते आणि बहुतेक सगळ्यांना नोकरी लागलेली होती.

हा लेख संपादकांकडे पाठवतो आहे तेव्हा तिला त्यांपैकी एका ठिकाणी जागा मिळाली आहे. कर्ज साडेसहा लाखांचे, म्हणजे तारणाच्या मर्यादेच्या आत. दोन वर्षांनी तिला कोणते पॅकेज मिळेल, ते मी सांगू शकत नाही. मिळेल तेव्हा ती मला पगाराची चिठ्ठी दाखवणार आहे आणि मी ती माझ्या संग्रहात ठेवणार आहे. परवा बहीण फोनवर म्हणाली, मेहुण्यांनी घराचे कागद पुन्हा पिशवीत घालून कपाटात, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवले. लक्ष्मीपूजनाला ते खाली काढायचे असतात, पूजेपुरते.